दमट हवेत टिकणारा, हाताने बनवलेला सागवान-वेताचा बाक: लाकूड निवडण्यापासून विणकामापर्यंत

उष्ण आणि दमट हवेत फर्निचर बनवायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे डिझाइन आपण एकटे करत नाही, अर्धं डिझाइन हवा करते. घाम येतो म्हणून बसायची जागा श्वास घेणारी हवी, ओल चढते म्हणून पाय जमिनीशी जपून ठेवायचे, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि कोरड्या दिवसांत आक्रसतं म्हणून रुंद सलग फळ्या टाळायच्या. ह्या तिन्ही गोष्टी मनापासून पाळल्या की जे समोर येतं ते आपोआप सडपातळ, हलकं आणि सावल्या टाकणारं असतं, आणि माझ्या मते त्या वस्तूतली कला ती हीच, वरून नक्षी चिकटवायची गरजच पडत नाही.

हे काही आजचं नाही. पुदुच्चेरीतल्या अरविंद आश्रमाच्या गोलकोंड ह्या वसतिगृहासाठी अमेरिकन वास्तुकार जॉर्ज नाकाशिमांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी सागवानाचं साधं फर्निचर केलं, १९५० च्या दशकात चंडीगढसाठी वास्तुकार पिअर जनरे आणि त्यांच्यासोबतच्या स्थानिक कारागिरांनी सागवान आणि वेत वापरून खुर्च्या केल्या, तिकडे ब्राझीलमध्ये फर्निचर डिझायनर जोआकिम तेन्रेरो जड युरोपियन फर्निचर सोडून बारीक लाकूड आणि वेताकडे वळले, मेक्सिकोत डिझायनर क्लारा पोर्सेट यांनी बुटाक नावाची जुनी खाली टेकलेली खुर्ची नव्याने घडवली. माणसं वेगळी, देश वेगळे, पण गरम हवेने सगळ्यांना साधारण एकाच दिशेला नेलं, म्हणजे लाकूड कमी, हवा जास्त.

ह्या लेखात आपण एक बिनपाठीचा बाक करू. लांबी ९२० मिमी, खोली ४२० मिमी, उंची पायाखालची टोपी सोडून ४२५ मिमी, दोन माणसं आरामात बसतील असा. बसायची जागा वेताची, दोन चौकटींत विणलेली, आणि ती बैठक पूर्ण सुटी निघेल अशी. हे सुटं निघणं फार महत्त्वाचं, कारण सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो पण वेत कधीतरी बदलावाच लागतो, आणि तो बदलताना आख्खा बाक उलटा घेऊन बसावं लागू नये.

लाकूड कोणतं आणि कसं वाळलेलं

सागवान सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं नाव उगाच झालेलं नाही, त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी आणि बुरशी सहज लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ते इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं. पण सागवान म्हणजे सागवानाचा गाभा. कडेचा जो फिकट पांढरा भाग असतो त्याला ह्यातलं काहीही लागू नाही, त्यात स्टार्च असतो, भुंगा तिथेच शिरतो आणि मग बाकाखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. फळी घेताना टोकाकडून बघा, पांढरा पट्टा दिसला तर तो कापून टाकायचा हे धरूनच मोजमाप करा. सागवान परवडत नसेल तर शिवण चांगलं, हलकं असतं, कामाला मऊ आणि फार वळत नाही. फणसाचं लाकूडही सुंदर, पिवळं असतं आणि हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातं. आंब्याचं किंवा रबराच्या झाडाचं लाकूड घ्यायचं असेल तर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झालेलंच घ्या, आणि ही प्रक्रिया पाण्याने धुऊन जाते हे लक्षात ठेवा, म्हणजे तो बाक छपराखालीच ठेवायचा. शिसवाचा मोह होतो, पण शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून साइट्स ह्या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, तेव्हा घ्यायचंच तर जुन्या मोडलेल्या फर्निचरचं घ्या, आणि खरं सांगायचं तर जुनं लाकूड कुठल्याही जातीचं मिळालं तरी ते नव्यापेक्षा शांत असतं.

आता ओलावा, आणि ह्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण दमट हवेतलं फर्निचर बहुतेक वेळा इथेच बिघडतं. लाकूड हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घेत राहतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं, ६५ टक्क्यांना १२ च्या आसपास, ८० टक्क्यांना १६ च्या आसपास. म्हणजे वर्षभरात तेच लाकूड सहा-सात टक्के वरखाली होतं. सागवान आडव्या दिशेने, म्हणजे वर्षवलयांच्या बाजूने, दर एक टक्का ओलाव्यामागे ढोबळमानाने ०.१८ टक्के हलतं. ३०० मिमी रुंद फळी घेतली तर ऋतू बदलताना ती ३ मिमीहून जास्त कमीजास्त होते, आणि तिला दोन्ही बाजूंनी स्क्रूने जखडलं असेल तर ती एकतर फाटते नाहीतर सांधा उखडते. तेच ६० मिमीची पट्टी असेल तर हालचाल अर्ध्या मिमीच्या थोडी वर, जी सांधा निमूट सहन करतो. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. आपल्या बाकातला एकही तुकडा ७० मिमीपेक्षा रुंद नाही त्याचं कारण हे.

फळी निवडताना टोकाकडचा भाग बघा, वर्षवलयं फळीच्या रुंद बाजूला जितकी उभी असतील तितकं चांगलं, अशी फळी आडव्या वलयांच्या फळीपेक्षा जवळपास निम्मीच हलते आणि वाटीसारखी वळत नाही. वाळवण्याबद्दल जुना हिशेब असा की इंचभर जाडीला एक वर्ष सावलीत हवेशीर रचून ठेवायचं, उष्ण भागात लवकरही होतं. ओलावा मोजायचं मीटर असेल तर १२ ते १४ टक्क्यांवर काम सुरू करा. मीटर नसेल तर एक तुकडा दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या हवेशी जुळलं. एक चूक खूप लोक करतात, भट्टीत ८ टक्क्यांपर्यंत वाळवलेलं लाकूड आणून दुसऱ्या दिवशी कापायला घेतात, आणि मग पहिल्या पावसाळ्यात ते फुगतं. आणलेलं लाकूड दोन-तीन आठवडे तरी जिथे काम करणार तिथेच, मध्ये पट्ट्या ठेवून, रचून ठेवा. आणि एसीत वापरायचा बाक असेल तर हे लाकूड एसीच्या खोलीतच रचून ठेवा.

तुकडे

पाय चार, ४५ × ४५ मिमी, उंची ४०० मिमी. लांब आडव्या पट्ट्या दोन, ८६० × ७० × २२ मिमी. आखूड आडव्या पट्ट्या दोन, ३६० × ७० × २२ मिमी. ह्या लांबीत दोन्ही टोकांची २५-२५ मिमीची कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी बारीक टोकं, धरलेली आहेत. बैठकीच्या चौकटीसाठी लांब दोन, ९२० × ६० × २५ मिमी, आणि आडव्या तीन, ३६० × ६० × २५ मिमी, ह्यात ३०-३० मिमीची कुसवं धरलेली. एकूण तयार लाकूड ०.४ घनफूट भरतं, कापताना जाणारं धरून ०.६ ते ०.७ घनफूट आणा म्हणजे गाठी आणि पांढरा भाग टाळायला मोकळीक राहते.

सगळे तुकडे आधी २-३ मिमी जास्त मापाचे कापा, दोन दिवस तसेच राहू द्या आणि मगच रंधा मारून अंतिम मापाला आणा. लाकूड चिरलं की आतला ताण सुटतो आणि जो तुकडा वळायचा तो ह्या दोन दिवसांत वळून घेतो. सागवानात सिलिका असते, पटाशी आणि रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, त्यामुळे धार लावायचा दगड बाजूलाच ठेवा. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावाच.

सांधे

पाय आणि आडव्या पट्ट्यांचा सांधा मॉर्टिस-टेनन, म्हणजे पायाला खाच आणि पट्टीला त्यात बसणारं कुसू. कुसू ८ मिमी जाड, ४५ मिमी उंच, २५ मिमी लांब. वरून १५ मिमी आणि खालून १० मिमी सोडायचं.

इथे एक जागा नीट समजून घ्या. आडवी पट्टी पायाच्या बरोबर मध्ये बसवू नका, बाहेरच्या बाजूला सरकवा, पायाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून फक्त ३ मिमी आत. ह्याने तीन फायदे होतात. एकतर बैठकीच्या चौकटीखाली वेताच्या गाठी येणार आहेत त्यांना जागा मिळते. दुसरं, एकाच पायात दोन बाजूंनी येणारी कुसवं आत एकमेकांना आपटत नाहीत. आणि तिसरं म्हणजे ती ३ मिमीची पायरी, पाय किंचित पुढे आणि पट्टी किंचित मागे, त्यामुळे एक बारीक सावलीची रेघ पडते आणि लाकूड ऋतूप्रमाणे थोडं हललं तरी ते डोळ्याला दिसत नाही. दोन लाकडं अगदी सपाट एकरेषेत आणलीत तर पहिल्याच पावसाळ्यात बोटाला कड लागायला लागते.

पायाच्या माथ्याचा आतला कोपरा २० मिमी तिरका आणि वरून १५ मिमी खोल छाटून टाका, कारण बैठकीचं कोपऱ्यातलं वेताचं भोक नेमकं त्याच्या वर येतं.

खाच आधी, कुसू नंतर. खाचेत ७.५ मिमीच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडून बाकीचं पटाशीने साफ करा, मग त्या खाचेला बसेल असं कुसू हळूहळू रंध्याने उतरवा. हाताने दाबल्यावर अडत जाईल आणि दोन-तीन हलक्या ठोक्यांत बसेल इतकं घट्ट हवं. मोठा हातोडा लागत असेल तर पाय फाटणार.

गोंदाबद्दल. साधा पांढरा गोंद उष्ण दमट हवेत मऊ पडतो आणि सतत भार असलेला सांधा हळूहळू सरकतो, सरसाचं तर नावच नको. पाण्याला टिकणारा डी३ किंवा डी४ दर्जाचा गोंद घ्या, सागवानाला तर इपॉक्सी उत्तम. सागवानाचं तेल गोंद धरू देत नाही म्हणून चिकटवायच्या अगदी आधी कुसू आणि खाच ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, वाळलं की लगेच गोंद लावा, तासाभराने तेल परत वर येतं.

पण खरा भरवसा मला लाकडी खुंटीचा. पायाला बाहेरून, पट्टी जिथे टेकते त्या कडेपासून ११ मिमीवर ६ मिमीचं आरपार न जाणारं भोक पाडा, खाच ओलांडून थोडं पुढे जाईल इतकं. आता कुसू आत घालून त्यावर भोकाची खूण करा, बाहेर काढा, आणि कुसवातलं भोक त्या खुणेपेक्षा १ मिमी खांद्याच्या बाजूला पाडा. खांदा म्हणजे जिथे कुसू संपून पट्टी पूर्ण जाडीची होते ती जागा. आता टोक निमुळतं केलेली खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढून धरते आणि गोंद उद्या निकामी झाला तरी सांधा सुटत नाही. खुंटी सरळ रेषांच्या, सुक्या, कडक लाकडाची हवी, करवतीने कापलेली नको, फोडून काढलेली हवी. गडद रंगाची घेतलीत तर आठ ठिपके दिसतात आणि ते लपवू नका, सांधा कसा धरलाय हे बघणाऱ्याला कळावं ह्यात मजा आहे.

लोखंडी खिळा किंवा स्क्रू कुठेही नको. ओल आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळे डाग पडतात जे जात नाहीत. पितळेचे स्क्रू किंवा ३०४ दर्जाचं स्टेनलेस, समुद्राजवळ असाल तर ३१६.

पायांचा आकार

चौकोनी पाय तसाच ठेवला तर बाक टेबलासारखा दिसतो. वरचे ९० मिमी चौकोनी ठेवा, जिथे सांधा आहे, आणि तिथून खाली फक्त आतल्या दोन बाजू उतरवत तळाला ३२ मिमी करा. बाहेरच्या बाजू सरळच राहतात त्यामुळे बाक भक्कम उभा दिसतो आणि आतली उतार त्याला जमिनीवरून उचलल्यासारखं करते. हा उतार आधी करवतीने, मग रंध्याने. सगळ्या बाहेरच्या कडा २-३ मिमी गोल करा, हाताने, कानस आणि पॉलिश पेपरने. धारदार कडेवर कुठलंही पॉलिश पातळ बसतं आणि ओल पहिल्यांदा तिथूनच शिरते, शिवाय उघड्या पोटऱ्यांना टोचते.

पायाचा तळ ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. लाकूड टोकाकडून पाणी शोषतं, रोज फरशी पुसली जाते, आणि दोन-तीन वर्षांत तळ काळा पडतो. तळाला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, पहिला शोषला गेला की दुसरा, आणि खाली पितळेची किंवा नायलॉनची ५ मिमीची टोपी बसवा.

कोरीवकाम करावं का असं विचाराल तर मी खोल कोरीवकाम नको म्हणेन, दमट हवेत त्यात धूळ बसते, धुळीवर बुरशी येते आणि मग ती ब्रशने काढत बसावं लागतं. हौस असेल तर आडव्या पट्ट्यांवर गोल पटाशीने उथळ, उभे, शेजारी शेजारी चर ओढा, फडकं सहज फिरतं आणि तिरप्या उजेडात पट्टी जिवंत दिसते.

बैठकीची चौकट

तीन आडवे दांडे दोन लांब दांड्यांत तसेच मॉर्टिस-टेननने, दोन टोकांना आणि एक बरोबर मध्ये. ३७० × ३०० मिमीच्या दोन खिडक्या तयार होतात. मधला दांडा शोभेचा नाही, वेत वाळताना जोरात ओढतो आणि हा दांडा नसेल तर लांब दांडे आत वाकतात. चौकटीच्या आतल्या वरच्या कडा चांगल्या ५-६ मिमी गोल करा, मांडीला टोचत नाही आणि वेतही कापला जात नाही.

आता वेताची भोकं. आतल्या कडेपासून १२ मिमीवर रेघ मारा, ३ मिमी रुंदीच्या वेतासाठी ६ मिमीचं भोक, दोन भोकांत १९ मिमी. आधी चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग उरलेलं अंतर सारखं वाटून घ्या, १९ च्या जागी १८.७ आलं तरी चालतं पण समोरासमोरच्या बाजूंवर भोकांची संख्या तीच हवी. प्रत्येक भोकाची वरची आणि खालची कड पॉलिश पेपरच्या गुंडाळीने मऊ करा. कंटाळवाणं आहे, पण धारदार भोक वेताला वर्षभरात कापतं.

पॉलिश, विणण्याच्या आधी

१२०, १८०, २४० अशा क्रमाने पॉलिश पेपर, त्यापुढे सागवानाला जायची गरज नाही, फार गुळगुळीत केलं तर तेल आत जात नाही. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं आणि उकाड्यात बसल्यावर चिकट लागतं. जाड पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर घरात ठीक, पण उन्हात तडकतो आणि एकदा तडा गेला की ओल आत अडकते, मग सगळं खरवडावं लागतं. मला तेल पसंत, टंग ऑइल किंवा डॅनिश ऑइल. कच्चं जवसाचं तेल टाळा, ते नीट वाळत नाही आणि बुरशीला आयतं खायला मिळतं. पातळ हात, वीस मिनिटं थांबून जादा तेल पूर्ण पुसणं, एक दिवस मध्ये, असे तीन-चार हात. भोकांच्या आत आणि चौकटीच्या खालीही लावा, एकाच बाजूला लावलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि लाकूड वळतं. पाऊस कोसळत असताना हे काम घेऊ नका. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

वेत विणणं

वेत ही वर चढणारी पाम आहे आणि विणायची पट्टी म्हणजे तिची बाहेरची साल. चकचकीत बाजू पाणी फार घेत नाही, मागची खडबडीत बाजू घेते, हे लक्षात ठेवा कारण देखभालीत लागणार आहे. पट्टी कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं भिजवा, जास्त ठेवली तर काळवंडते. चकचकीत बाजू कायम वर.

पहिला फेरा मागून पुढे, मधल्या भोकापासून सुरू करून आधी एका बाजूला मग दुसऱ्या बाजूला, भोकात लाकडी खुंट्या अडकवून धरत. घट्ट ओढू नका, हाताने दाबलं तर थोडं खाली जाईल असं सैल ठेवा, पुढचे फेरे ते आपोआप ताणतात. दुसरा फेरा डावीकडून उजवीकडे, पहिल्याच्या वरून नुसता टाकलेला. तिसरा परत मागून पुढे, पहिल्याच्याच भोकांतून पण सगळ्यांच्या वरून आणि किंचित उजवीकडे सरकवून. इथपर्यंत विणकाम नाहीच, नुसते थर. चौथ्या फेऱ्यात खरं विणणं सुरू होतं, डावीकडून उजवीकडे जाताना तिसऱ्याच्या वरून आणि पहिल्याच्या खालून. पट्ट्या ओल्या ठेवत राहा आणि खुंटीच्या टोकाने जोड्या जवळ सरकवा, छोटे चौकोन सरळ दिसायला लागले पाहिजेत.

पाचवा फेरा तिरका, उभ्या जोड्यांच्या वरून आणि आडव्या जोड्यांच्या खालून. सहावा त्याच्या उलट तिरका, आडव्यांच्या वरून आणि उभ्यांच्या खालून. बरोबर चाललंय का ओळखायची खूण सोपी आहे, पट्टी सरसर घसरत गेली तर बरोबर, अडखळत ओढावी लागली तर कुठेतरी वर-खाली चुकलंय, तिथल्या तिथे मागे या. कोपऱ्याच्या भोकात दोन तिरक्या पट्ट्या जातात, त्यासाठी तिथे जागा ठेवा. टोकं खाली शेजारच्या वळशाला दोनदा गुंडाळून, ओली असतानाच, बांधा. शेवटी भोकांवरून एक रुंद पट्टी सगळीकडून फिरवून बारीक वेताने शिवून टाका.

एक दिवस सावलीत वाळू द्या. वेत वाळताना आक्रसतो आणि बोटाने टिचकी मारल्यावर ताणलेला आवाज येतो. त्याआधी कुणाला बसू देऊ नका.

बैठक सांगाड्यावर ठेवून आडव्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूने सहा छोट्या पितळी पट्ट्यांनी धरा, पट्टीचं भोक लांबट असेल अशा, म्हणजे लाकडाला थोडं सरकता येतं.

रोजच्या वापरात

बाक भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं हवा जाऊ द्या, बुरशी भिंतीच्या बाजूनेच येते. आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, मग पातळ व्हिनेगरने पुसून उन्हात नाही, वाऱ्यात वाळवा. वर्षातून एकदा, पावसाळा संपून हवा कोरडी झाली की, तेलाचा एक पातळ हात लाकडाला. वेतावर वरून-खालून वॉर्निश मारू नका, त्याचा श्वास बंद होतो आणि तो ठिसूळ होऊन तुटतो. वेत सैल वाटायला लागला की बैठक सोडवून उलटी करा, खडबडीत बाजूवर ओलं कोमट फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर कुणी न बसता वाळू द्या, सकाळी परत ताणलेला मिळतो.

एखाददुसरी पट्टी तुटली तर तेवढीच बदलता येते, पण चार-पाच शेजारच्या तुटल्या तर ती खिडकी पूर्ण काढून नवी विणा, दुसरी खिडकी तशीच राहू द्या, नव्या वेताचा फिकट रंग हळूहळू जुन्यासारखा गडद होत जातो.